बुधवारचं टेबल

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात दर बुधवारी आम्ही एक टेबल मांडतो. लॅपटॉप, प्रिंटर, चहाची किटली, बिस्किटांचा डबा. दारावर पाटी लावतो: फॉर्म भरायला मदत मिळेल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडचं हे लहानसं गाव, विराजुरी या ॲबोरिजिनल लोकांची भूमी. पेन्शन, घरभाडं, दंड अशा कामांसाठी लोक येतात. पण ॲबोरिजिनल वस्तीतून येणाऱ्यांचं बरेचदा एकच काम असतं, 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक'. इथे सगळे त्याला नुसतं 'चेक' म्हणतात. या वहीत त्याच टेबलावरच्या गोष्टी आहेत.

*

आधी चेक म्हणजे काय ते लिहून ठेवते. मुलांबरोबर काम करायचं, पगारी असो की विनामोबदला, तर सरकारने तुमची पार्श्वभूमी तपासलेली असली पाहिजे. आमच्या राज्यात २०१२ चा कायदा आहे, त्याची अंमलबजावणी जून २०१३ पासून. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग ओळखीची कागदपत्रं दाखवायची. त्यानंतर देशभरातल्या नोंदी तपासल्या जातात. मंजुरी पाच वर्षांची. स्वयंसेवकांना फी नाही. हातात कार्ड वगैरे काही येत नाही, फक्त एक क्रमांक मिळतो. स्वयंसेवकाच्या क्रमांकाच्या शेवटी 'व्ही' हे अक्षर, पगारी माणसाच्या 'ई'.

बाकीच्या राज्यांत आणि टेरिटरीत सगळं वेगळं. क्वीन्सलंडमध्ये ब्लू कार्ड, तीन वर्षांचं. नॉर्दर्न टेरिटरीत ओकर कार्ड, दोनच वर्षांचं. सीमेवरच्या गावातला माणूस नदी ओलांडून मुलांच्या संघाला खेळायला नेतो तेव्हा त्याला हे सगळं ठाऊक असावं लागतं. २०१५ साली संस्थांमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने या तपासणीवर वेगळा अहवाल दिला, ३६ शिफारशी केल्या आणि सगळ्या देशासाठी एकसारखी पद्धत आणायला बारा महिन्यांची मुदत सुचवली. त्याला दहा वर्षं उलटून गेली.

*

माझा स्वतःचा चेक एका फॉर्मात आणि एका फेरीत झाला होता. दर गुरुवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते, म्हणून मला तो लागतो. पासपोर्ट आणि लायसन्स दोन्हीवर एकच नाव, एकच स्पेलिंग. मला वाटलं, सगळ्यांचं असंच होत असेल. सिडनीतल्या मराठी शाळेत रविवारी शिकवणाऱ्या मैत्रिणींचाही अनुभव तसाच. आम्ही कागद घेऊनच या देशात उतरलो. कागद होते म्हणूनच उतरू शकलो. जे इथे हजारो वर्षं आहेत त्यांना कागद कोणी दिला नाही.

*

फॉर्मातला पहिला अडथळा जन्मतारखेचा.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पोराला शाळेत घालायला आलेल्या बाईला तारीख सांगता येत नसे. "आकाडीच्या आधी झाला, पाऊस लागला होता," एवढं ती सांगायची. वडील पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख लिहायचे १ जून. एक जूनला वाढदिवस असलेले कितीतरी लोक महाराष्ट्रात आजही निवृत्त होतात, ते अशा मास्तरांच्या लेखणीतून जन्मले.

इथल्या म्हाताऱ्या माणसांत १ जुलै ही तारीख अशीच भेटते. मिशनवरच्या किंवा गुरांच्या स्टेशनवरच्या, म्हणजे मोठ्या पशुपालन मळ्यावरच्या, कोणा अधिकाऱ्याने अंदाजाने लिहिलेली. काहींच्या जन्माची नोंदच झालेली नाही. मेडिकेअरच्या नोंदीत एक साल, जुन्या लायसन्सवर दुसरं. संगणक दोन तारखा पाहतो आणि अडतो. मग जन्मदाखल्यापासून सुरुवात करायची. त्यासाठी आईबापांची नावं हवीत, जन्माचं ठिकाण हवं, आणि ठिकाण बरेचदा 'नदीकाठी' एवढंच ठाऊक असतं.

*

यातली एक गोष्ट मला सुरुवातीला दिसली नव्हती. आता प्रत्येक फॉर्ममध्ये दिसते. या सरकारने एका माणसाच्या जन्माची नोंद केली नाही. पण त्याच माणसाने चौदाव्या वर्षी दुकानाची काच फोडली त्याची नोंद आहे. तारखेसह, वेळेसह, पोलिसाच्या नावासह. जन्म शोधायला चार महिने लागतात, काच चार सेकंदांत सापडते.

*

"तुम्हाला आणखी कोणत्या नावांनी ओळखलं जात होतं?" फॉर्ममधला हा प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तराला अख्खा बुधवार जाऊ शकतो.

कोणाचं आडनाव आजोबांच्या स्टेशनच्या मालकाचं. कोणाचं मिशनमध्ये बदललेलं. कोणी आजीकडे वाढलं म्हणून शाळेत आजीचं नाव लागलं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांत माणूस गेला की त्याचं नाव काही काळ उच्चारायचं नाही. मग त्या नावाचे जे जिवंत असतात त्यांना 'कुमन्जायी' म्हणतात, आणि काहींच्या कागदपत्रांतही तेच नाव शिरतं. शोक संपतो, जुनं नाव परत येतं. एका माणसाची तीन नावं होतात आणि तिन्ही खरी.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. माझ्या आईचं लग्नात आडनावच नव्हे, पहिलं नावही बदललं. तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नवं नाव. माहेरच्या शाळेचा दाखला एका बाईचा, सासरचं रेशनकार्ड दुसरीचं.

इथे सगळ्यांना आधी हेच सांगते: सगळी नावं लिहा. टोपणनाव, मोडलेल्या लग्नाचं नाव, चुकीचं स्पेलिंग, सगळं. राहून गेलेलं नाव उद्या सापडलं तर तपासणाऱ्याला ते लपवल्यासारखं वाटतं.

*

आंटी. हा शब्द इथे आपल्या शहरी 'अंकल-आंटी'सारखा वरवरचा नाही. वस्तीतल्या वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणायचं, आणि ते मिळवावं लागतं. आपल्याकडे 'अक्का' ज्या वजनाने म्हणतात त्या वजनाचा शब्द. आईची बहीण इथे आईच. मावशीची मुलं ती भावंडं, चुलत-मावस असला हिशोब नाही. त्यामुळे "या मुलाशी तुमचं नातं काय?" या चौकटीत आंटी 'आई' लिहितात आणि कार्यालय जन्मदाखला मागतं.

*

अशाच एका आंटींबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. वय साठीच्या पुढे. त्यांना नातवाचा, म्हणजे भाचीच्या मुलाचा, सांभाळ अधिकृतपणे घ्यायचा होता. मुलाला घरातून काढलं जाण्याची वेळ आली होती. १९९८ च्या राज्याच्या कायद्यात क्रम स्पष्ट आहे: ॲबोरिजिनल मूल आधी नातलगांकडे, मग समाजात, मग दुसऱ्या ॲबोरिजिनल कुटुंबात, परक्या घरी सगळ्यात शेवटी. पण नातलगालाही चेक हवा, आणि त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढालाही.

"घरात कोण कोण राहतं?" मी विचारलं.

आंटी खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या घरात कोण राहतं हे ऋतूवर, कामावर, मयतावर अवलंबून. कोणाकडे छप्पर नसेल तो त्यांच्याकडे. नाही म्हणणं त्यांच्या लेखी पापच. त्यांनी शेवटी दोन नावं सांगितली, आणि त्यातला एक पुतण्या चेकचं नाव ऐकताच दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला. त्याच्या नावावर बिगरलायसन्स गाडी चालवल्याचे गुन्हे आणि थकलेला दंड, एवढंच होतं. एवढ्याने चेक अडत नाही. पण ते त्याला सांगायला त्या घरात कोणी नव्हतं.

*

ही भीती रोज भेटते. 'रेकॉर्ड' आहे म्हणजे आपण बाद, असं धरून कित्येक जण अर्जच करत नाहीत. फुटबॉलच्या संघाला शिकवणारा हात आखडता घेतो, शाळेत जाऊन भाषा शिकवू शकणारी बाई घरी बसते. नकार कोणी दिलेलाच नसतो, त्यांनी तो स्वतःच स्वतःला देऊन टाकलेला असतो. देशाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतले लोक शंभरात चारच्या आत आहेत, आणि तुरुंगात तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेच. ज्या घरात पोलिसांची नोंद नाही असं घर शोधावं लागतं. त्यामुळे टेबलावरचं माझं सगळ्यात जास्त बोललेलं वाक्य असं: "थांबा, आधी बघू तरी नोंद कसली आहे ते."

आपल्याकडच्या पारध्यांची आठवण येते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, माणसं विमुक्त म्हणवली गेली. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या पालावर जातात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर त्याच भटक्या माणसाला कित्येक दशकांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात.

*

माझी चूक इथे लिहून ठेवते.

त्या आंटींचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. मी एकेक गोष्ट समजावून सांगितली. ईमेलवर पत्र येईल, त्याला मुदतीत उत्तर द्यायचं, बरं का? "हो." समजलं ना? "हो." काही अडचण? "नाही."

ईमेल पत्ता त्यांच्या दुसऱ्या, मोठ्या नातवाचा होता. नातवाचा फोन हरवला, नंबर बदलला. पत्र आलं, कोणी उघडलं नाही, अर्ज बंद झाला. हे मला कळलं चार महिन्यांनी, आंटी दुकानात भेटल्या तेव्हा. त्यांना वाटत होतं की सरकार अजून विचार करतंय.

नंतर एका वकिलाने मला १९७६ चा निवाडा सांगितला. आनुंगा खटला, नॉर्दर्न टेरिटरीचं सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी पोलिसांना नियम घालून दिले: ॲबोरिजिनल माणूस अधिकाऱ्यासमोर प्रश्नाला बरेचदा नुसतं 'हो' म्हणतो, सौजन्य म्हणून, विचारणाऱ्याला तेच हवंय असं वाटून. त्या 'हो'ला कबुली धरू नका. 'समजलं का' विचारू नका, काय समजलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. मी पोलीस नाही, पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या बाईला मी अधिकारीच वाटले होते.

आता मी टेबलाच्या त्याच बाजूला शेजारी खुर्ची घेते. प्रश्न विचारून झाला की थांबते. गप्प बसायला मला शिकावं लागलं, आणि अजून पुरतं जमलेलं नाही. पत्ता, फोन, ईमेल यांतलं एक तरी न बदलणारं असावं म्हणून वस्तीच्या आरोग्य केंद्राचा पत्ता देता येईल का ते विचारते. आणि अर्ज केलेल्यांची यादी भिंतीवर न लावता माझ्या वहीत ठेवते, दर पंधरा दिवसांनी एकेकाला विचारते, काही आलं का.

*

गेरूबद्दल. नॉर्दर्न टेरिटरीतल्या कार्डाचं नाव ओकर, म्हणजे आपला गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तो, वारली चित्रांच्या भिंतीला पाठीमागे असतो तो. इथल्या लोकांसाठी तो विधीचा रंग, अंगाला लावायचा, जमिनीतून खणून दूरदूर देवाणघेवाण करायचा. नाव देणाऱ्याच्या मनात आदरच असेल. पण ते कार्ड देणारं खातं पोलिसांचं आहे. आणि त्याच टेरिटरीत २००७ च्या जूनमध्ये मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली वस्त्यांमध्ये लष्कर पाठवलं गेलं. तेव्हा भीतीने मुलांना घेऊन रानात गेलेल्या आयांना गेरूचं नाव दिलेला पोलिसांचा फॉर्म कसा दिसत असेल?

*

आमच्या राज्यात मुलं काढून नेल्याची ही जखम आणखी जुनी. ॲबोरिजिनल लोकांसाठीच्या कायद्याच्या १९१५ च्या दुरुस्तीने सरकारी मंडळाला अधिकार मिळाला की ॲबोरिजिनल मूल न्यायालयात न जाता आईबापांकडून काढून घ्यावं. केम्प्सीजवळचं किंचेला मुलांचं वसतिगृह १९२४ ते १९७० चाललं. तिथे मुलांना नावाने हाक मारत नसत, क्रमांक दिलेले असत. आंटींचे वडील त्यांतले एक. आंटींनी हे एकदाच सांगितलं, दुसरा अर्ज भरायला बसलो तेव्हा. "शेवटी मलाही नंबरच देणार ना?" असं विचारलं आणि मग म्हणाल्या, भर पोरी, भर.

*

यावर कोणी म्हणेल, मग या लोकांसाठी तपासणी ढिली करा. मी ते म्हणणार नाही, आणि टेबलावर येणाऱ्या आंट्या तर अजिबात म्हणत नाहीत. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल रॉयल कमिशनपुढे एकांतात बोललेल्या पीडितांत जवळजवळ सातातला एक माणूस ॲबोरिजिनल किंवा टॉरेस सामुद्रधुनीतला होता. ज्यांना मुलं राखायला दिली त्यांनीच ती ओरबाडली, हे या लोकांइतकं कोणाला ठाऊक आहे? २०२५ मध्ये मेलबर्नच्या पाळणाघरांतलं प्रकरण बाहेर आल्यावर नियम कडक करायची घाई सुरू झाली, एका राज्यात बंदी तर सगळीकडे बंदी असं ठरलं. ते योग्यच आहे. मात्र नियम कडक करायला जेवढे पैसे निघतात त्यातला थोडा भाग शेजारी खुर्ची घेऊन बसणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा. ती माणसं वस्तीतलीच असावीत. माझ्यासारखी बाहेरची बाई चालून जाते, पण ती दुसरी निवड.

*

क्वीन्सलंडमध्ये हा वाद विधानसभेपर्यंत गेला. तिथल्या उत्तरेतले आमदार रॉबी कॅटर यांनी विधेयक आणलं की मूळच्या रहिवाशांच्या वस्तीत तिथल्याच वडीलधाऱ्यांच्या न्यायगटाला शिफारस करता यावी, म्हणजे त्या वस्तीपुरतं ब्लू कार्ड देता येईल. ते मंजूर झालं नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करते. वस्ती माणसाला ओळखते, कार्यालय फक्त त्याची नोंद ओळखतं. पण लहान वस्तीत सगळे एकमेकांचे कोणीतरी असतात, आणि नाही म्हणायची वेळ आली तर न्यायगटातल्या म्हातारीला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात दूध घ्यायला जायचं असतं. शिफारस त्यांची आणि निर्णय कार्यालयाचा असेल तर माझं मत त्या बाजूला झुकतं. नातलगांनी मूल सांभाळण्याबाबत मात्र क्वीन्सलंडने २०२४ मध्ये कायदा बदलला, त्यांच्यावरची ब्लू कार्डची अट काढायचं ठरवलं. बालसंरक्षण खातं त्यांची तपासणी करतंच, मग तीच माणसं दोनदा का तपासायची, असा तो विचार.

*

एक अंकल. रग्बी लीग खेळणाऱ्या बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. त्यांना 'जोखीम तपासणी' होणार असल्याचं पत्र आलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे हा नकारच, म्हणून पत्र गाडीच्या कप्प्यात गेलं. बायकोने ते माझ्याकडे आणलं, दुमडून दुमडून पत्त्याएवढं झालेलं.

प्रकरण तीस वर्षांपूर्वीचं. ते एकोणीसचे होते, पबबाहेर मारामारी, समोरचा सोळाचा. कायद्याच्या नजरेत सोळाचा म्हणजे मूल, म्हणून चौकशी. मी पहिल्यांदा लीगल एडला फोन लावला. वकिलाशी बोलल्याशिवाय असल्या पत्राला उत्तर लिहू नये हा नियम मी पाळते. गुन्हा मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा असेल तर मी फक्त फोन नंबर देते आणि टेबल तिथेच थांबतं.

अंकल टेबलावर बोलेनात. ग्रंथालयात लोक बघतात, लाज वाटते. मग मी आणि त्यांची बायको त्यांच्या गाडीत बसलो, नदीकाठी गाडी लावली, खिडक्या खाली. दीड तासात ते दहाएक वाक्यं बोलले असतील. कार्यालय काय बघतं ते मी सांगितलं: गुन्हा किती गंभीर, किती वर्षं झाली, तेव्हा तुमचं वय काय, समोरच्याचं काय, त्यानंतर तुम्ही कसे वागलात. त्यानंतरचं सांगताना त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. दारू कधी सोडली, कशी सोडली. मंगळवार-गुरुवारचा सराव. ज्या पोरांकडे बूट नसतात त्यांच्यासाठी डिकीत जुन्या बुटांचे चार जोड ठेवलेले असतात, ते त्यांनी उतरून दाखवले. मी वहीत लिहून घेतलं: चार जोड, मापं तीन ते सहा.

शिफारसपत्रांचं एक शिकले. 'हे फार सज्जन गृहस्थ आहेत' याचा काही उपयोग नाही. लिहिणाऱ्याला तो जुना गुन्हा माहीत आहे आणि तरीही त्याने डोळ्यांनी काय पाहिलं, ते हवं. शाळेच्या बाईंनी बुटांबद्दल लिहिलं. मंजुरी यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत संघाला प्रशिक्षक नव्हता.

*

आंटींचा दुसरा अर्ज मंजूर झाला. मी क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून दिला. त्यांनी चष्मा लावून अंक एकेक करून वाचले, कागदाची घडी घातली, फोनच्या कव्हरमध्ये मागे सरकवली. मूल त्यांच्याकडे आलं आहे, पाच वर्षांचं. दर गुरुवारी त्याला गोष्टी ऐकायला आणतात.

परवाच्या गुरुवारी गोष्ट सुरू करण्याआधी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तुझा कुठे आहे?"

"काय, आंटी?"

"नंबर. माझ्या पोराला तू वाचून दाखवतेस. तुझा दाखव."

मी काउंटरमागे गेले, पर्समधून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.